दोन पात्यांचा स्विच

मित्रांनो, मी एक जुना चेंजओव्हर स्विच आहे. चंदीगडच्या मनीमाजऱ्यात उपासनींचं घर आहे, तिथं जिन्याखाली मीटरच्या शेजारी माझी लोखंडी पेटी भिंतीला ठोकलेली आहे. रंग राखाडी, आता जागोजागी पोपडे आलेला. उजव्या अंगाला एक दांडा. गेली काही वर्षं त्या दांड्याला छत्र्या अडकवतात. मला त्याचं काही वाटत नाही. मी रडगाणं गायला बसलेलो नाही, मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत. त्यातला एक माणूस तर असा आहे, की त्यानं मला कधी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. तो फक्त माझ्या भरवशावर खांबावर चढायचा.

माझा जन्म एकोणीसशे पंच्याण्णव सालचा. डेराबस्सीला औषधांचे आणि रसायनांचे मोठमोठे कारखाने उभे राहत होते, त्यांच्या मागच्या गल्लीत एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तयार झालो. चिनी मातीच्या बैठकीवर तांब्याची दोन पाती बसवली, ती घट्ट धरायला वर दोन आणि खाली दोन असे जबडे लावले आणि दोन्ही पाती एकाच दांड्याला जोडली. तिथल्या फिटरनं माझा दांडा शंभरदा वर-खाली करून पाहिला. शंभराव्या खेपेलाही दोन्ही पाती एकदमच सुटली आणि एकदमच बसली, तेव्हा कुठं त्यानं मला पेटीत ठेवलं. त्याचं नाव मला माहीत नाही, पण पहिले आभार त्याचे.

माझं काम समजायला सोपं आहे. घरात वीज दोन तारांनी खेळते. एक तार वीज आणते, तिला फेज म्हणतात. दुसरी तिला परत नेते, ती न्यूट्रल. फेजला सगळे घाबरतात. न्यूट्रलला कुणी विचारत नाही. ती बिचारी गरीब, तिला काय करंट, असं भलेभले बोलतात. माझा दांडा वर केला की घराच्या दोन्ही तारा सरकारी विजेला जोडल्या जातात. खाली केला की दोन्ही जनरेटरला. मध्ये ठेवला की कुणालाच नाही. एक पातं फेजचं, एक न्यूट्रलचं. सरकारी वीज आणि जनरेटर यांची गाठ कधी पडू द्यायची नाही, एवढ्यासाठीच मी.

उपासनींना जनरेटर घ्यावा लागला तो शशिकला आजींमुळे. आजोबा गेल्यावर त्या मिरजेहून कायमच्या मुलाकडे आल्या. मुलगा चंद्रकांत, इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत संशोधन करणारा. सून वीणा, शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी. नात वल्लरी, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर हमखास हिंदीत देणारी. आजींना दमा होता. मे-जूनमध्ये इथं आंधी येते, म्हणजे आभाळ पिवळं होतं आणि सगळी धूळ घरात शिरते. नेमकी त्याच वेळी वीज जाते. आजींना औषधाची वाफ देणारं यंत्र होतं, नेब्युलायझर, पण ते विजेवर चालणारं. धूळ आली की धाप लागायची, आणि धाप लागली की वीज नसायची. पहिल्या उन्हाळ्यात एकदा आजींचे ओठ निळे पडले, तेव्हा वीणाताईंनी ठरवलं की आता जनरेटर हवाच.

गल्लीचा लाइनमन होता गुरमेल सिंग. उंच, सडसडीत, खांद्यावर नेहमी एक निळा परणा, म्हणजे आपल्या पंचासारखं फडकं. खांबावरची सैल तार आवळून तो खाली उतरला तर अंगणात नवा कोरा जनरेटर.

"भैणजी, स्विच कौन सा लगवा रहे हो?" त्यानं विचारलं.

"दुकानवाला कह रहा था, एक तारवाला भी चलता है," वीणाताई म्हणाल्या.

"ना जी, ना. दोनों तारांवाला लो." गुरमेल फाटकाला टेकून उभा राहिला. "फेज से तो हर बंदा डरता है. न्यूट्रल हम ऊपर नंगे हाथ पकडते हैं. आपके जनरेटर का करंट न्यूट्रल के रास्ते खंबे पर आ गया, तो समझो गुरमेल गया."

वीणाताई दुसऱ्याच दिवशी दुकानात गेल्या आणि मला घेऊन आल्या. दुकानदारानं नाक मुरडलं, उगाच दुप्पट लोखंड नेताय म्हणून. पण बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

तेव्हापासून आमच्या गल्लीत एक रिवाज पडला. वीज गेली, आमचा जनरेटर धडधडू लागला आणि गुरमेलला खांबावर चढायचं असलं, की तो आधी फाटकाशी येऊन हाक मारायचा, "भैणजी, दोनों?" स्वयंपाकघरातून वीणाताई ओरडायच्या, "दोनों!" म्हणजे आमच्या घराच्या दोन्ही तारा खांबापासून तोडलेल्या आहेत, खुशाल चढा. मग तो चढायचा. या दोन शब्दांवर पाच वर्षं त्याचं काम चाललं. ते दोन शब्द माझ्याबद्दल होते, मित्रांनो. दर खेपेला मला केवढं बरं वाटायचं म्हणून सांगू!

आता जरा जनरेटरच्या पिनेबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. घराची वायर जनरेटरमध्ये खोचायची ती पांढरी, दोन काड्यांची पीन. उलटी बसे, सुलटी बसे, घरातले दिवे कसेही लागत. पण उलटी बसली की फेजची वीज न्यूट्रलच्या वाटेनं येई. वीणाताईंना असला गबाळेपणा खपत नसे. त्यांनी पिनेच्या वरच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि घरात सांगून ठेवलं, की लाल वर. समजा कुणी चुकलंच, तरी मी होतोच. माझी दोन पाती असताना ती वीज घराबाहेर जाणं शक्य नव्हतं.

नव्याण्णवच्या दसऱ्याला आजींनी घरातल्या यंत्रांची पूजा केली. शिवणयंत्र, स्कूटर, मिक्सर, नेब्युलायझर आणि अर्थातच जनरेटर. "याच्यामुळं मी श्वास घेते, याला नको का कुंकू?" असं म्हणून त्यांनी तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट जनरेटरला लावलं, मला लावलं आणि उरलेलं शेजारी पडलेल्या पिनेला लावलं. पीन पडली होती पालथी, नेलपॉलिशचा ठिपका खाली. मला कुंकू लावणारं माणूस जगात दुसरं कुणी भेटलं नाही, मी तर हरखून गेलो होतो. पिनेकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत माझंच दुखणं निघालं. न्यूट्रलच्या पात्याचा स्क्रू हळूहळू सैल झाला, पातं तापायला लागलं आणि जबड्याची पकड गेली. दिवे मोठे-बारीक व्हायला लागले. त्या दिवशी घरी चंद्रकांतराव एकटेच होते, तेही एका परिषदेला निघायच्या घाईत. त्यांनी तरसेम मिस्त्रीला बोलावलं.

तरसेमनं माझं झाकण काढून पाहिलं. "इसका न्यूट्रलवाला गया, साबजी. नया पत्ता अगले हफ्ते ला दूंगा. अभी न्यूट्रल सीधा जोड देता हूं."

"चलेगा ना?" चंद्रकांतराव बॅगेची चेन लावत म्हणाले.

"पक्का चलेगा. न्यूट्रल में कौन सा करंट आना है जी!"

त्याच्याकडची काळी वायर संपलेली होती. मग त्यानं हिरव्या वायरचा तुकडा घेतला आणि सरकारी न्यूट्रल, जनरेटरची न्यूट्रल आणि घराची न्यूट्रल अशा तिन्ही एकमेकींना बांधून टाकल्या. तुकडा पेटीत मावेना, म्हणून बाजूच्या भोकातून बाहेर काढून पुन्हा आत घातला. दिवे छान लागले. तरसेमचा पुढचा आठवडा काही उगवला नाही, आणि चंद्रकांतराव परिषदेहून परत आले ते सगळं विसरूनच. वीणाताईंना कुणी सांगितलंच नाही.

माझी अवस्था काय झाली असेल, विचार करा. दांडा फिरत होता, खट्ट आवाज येत होता, बाहेरून सगळं तसंच दिसत होतं. पण माझं एक पातं आता काहीच तोडत नव्हतं आणि मला तोंड नव्हतं. मार्चमध्ये गुरमेलनं एकदा हाक मारली, "दोनों?" आणि वीणाताई म्हणाल्या, "दोनों!" त्या वेळी पीन सुलटी होती म्हणून निभावलं. मला मात्र ते दोन शब्द त्या दिवशी टोचले.

जूनमधला रविवार होता, दुपारचे साडेतीन. अशी आंधी आली की गल्लीतल्या कडुलिंबाची अर्धी फांदी तारांवर आडवी झाली. वीज गेली. आमच्या घराकडे येणारी न्यूट्रल खांबाशी तुटून लोंबायला लागली. आत आजींची धाप सुरू झाली. वीणाताई त्यांना बसतं करून पाठ चोळत होत्या, त्यांना जागचं हलता येईना. पीन लावायचं काम एरवी त्यांचं. ते त्या दिवशी चंद्रकांतरावांनी केलं. नेलपॉलिशचा ठिपका कधीचा खरवडून गेला होता. पिनेवर लाल खूण एकच उरली होती, आजींच्या कुंकवाची. लाल वर, हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. त्यांनी कुंकू वर करून पीन बसवली, माझा दांडा खाली ओढला, नेब्युलायझर सुरू झालेला पाहिला आणि औषधाच्या कुप्या संपत आल्या होत्या म्हणून स्कूटर काढून त्या आणायला गेले.

जनरेटरच्या दोन तारांपैकी एक त्याच्या लोखंडी अंगाला आणि तिथून जमिनीला जोडलेली होती. उरली ती जिवंत तार. उलट्या पिनेमुळं ती आली न्यूट्रलच्या बाजूला. तिथून हिरव्या तुकड्यावरून, माझ्या डोळ्यांदेखत, थेट रस्त्यावरच्या लोंबत्या टोकापर्यंत.

थोड्या वेळानं आंधी ओसरली आणि फाटकाशी ओळखीची हाक आली.

"भैणजी, दोनों?"

"दोनों, गुरमेलजी!" वीणाताईंनी आजींच्या खोलीतूनच उत्तर दिलं.

गुरमेलनं वरची लाइन आधीच बंद करून घेतली होती. त्यानं शिडी लावली. मी आतून ओरडत होतो, पण लोखंडाच्या ओरडण्याला आवाज कुठला असतो! त्या क्षणी माझा दांडा मध्ये आणला असता तरी उपयोग नव्हता. तो हिरवा तुकडा मला वगळून गेला होता.

वल्लरी पाण्याचा तांब्या घेऊन बोळातून येत होती. ती थबकली. "मम्मी, यह ट्यूब बंद है, फिर भी हल्का-हल्का जल रही है."

वीणाताई दारापर्यंत आल्या. बटण बंद होतं आणि ट्यूबची टोकं मंद उजळली होती. त्यांनी शाळेत किती वर्षं शिकवलेलं ते. बटण बंद असूनही ट्यूब मिणमिणते, म्हणजे वीज उलट्या तारेनं येते आहे.

"पीन उलटी बसलीय," त्या पुटपुटल्या. मग स्वतःशीच, "असू दे, स्विचनं दोन्ही तोडल्यात." आणि असं म्हणत त्यांची नजर माझ्याकडे आली. पेटीच्या बाजूनं बाहेर आलेल्या त्या हिरव्या वायरवर ती थांबली.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या दाराकडे धावल्या. बाहेर गुरमेल शिडीच्या शेवटच्या पायरीवर होता, सांधा करायला दोन्ही हातमोजे काढून त्यानं कमरेला खोचले होते.

"गुरमेलजी, हाथ मत लगाना! न्यूट्रल में करंट है! रुको!"

जनरेटरच्या धडधडाटात त्याला ऐकू गेलं नाही. आता जनरेटर बंद करणं हाच एक उपाय होता. वीणाताई मागच्या अंगणाकडे वळल्या आणि खोलीच्या दारात क्षणभर अडखळल्या. आत नेब्युलायझरचा घुंगुं आवाज चालू होता. तो थांबला तर आजींचा श्वास थांबेल का, हे सांगता येत नव्हतं.

आजींनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"बंद कर." एवढ्या दोन शब्दांना त्यांना दोनदा दम घ्यावा लागला. "तो... वर आहे."

वीणाताईंनी धावत जाऊन जनरेटर बंद केला. सगळीकडे एकदम शांत झालं. त्या शांततेत वल्लरीचा आवाज गल्लीभर गेला, "अंकल, रुको!" गुरमेलचा हात तारेपासून वीतभर अंतरावर थांबला.

पुढची दोन मिनिटं फार लांब होती. वीणाताईंनी पीन ओढून काढली. म्हणजे आता जनरेटरचा घराशी काही संबंध उरला नाही. मग इस्त्रीची लांब वायर आणि जोडबोर्ड काढला, तो थेट जनरेटरला लावला आणि खिडकीतून आजींच्या खाटेपर्यंत नेला. वल्लरीनं नेब्युलायझर त्यात खोचला. जनरेटर पुन्हा सुरू झाला, आजींच्या तोंडावर मास्क बसला. वल्लरी त्यांचा हात धरून बसली आणि म्हणत राहिली, "आजी, श्वास घे. आजी, हळू घे." मराठीत. त्या घाईत ते कुणाच्या लक्षात आलं नाही, मी मात्र ऐकलं. हळूहळू आजींच्या ओठांचा रंग परत आला.

गुरमेल खाली उतरून पायरीवर बसला. वीणाताईंनी त्याला पाणी दिलं आणि त्यांना रडू कोसळलं.

"मैंने बिना देखे बोल दिया, गुरमेलजी. दोनों बोल दिया."

त्यानं पाण्याचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "मेरी छोटी का रिश्ता पक्का हुआ है, भैणजी. अगले महीने बरात है." एवढंच. रागाचा एक शब्द नाही. पाणी पिऊन त्यानं हातमोजे चढवले, शिडी पुन्हा लावली आणि आमची तार जोडून दिली.

चंद्रकांतराव परत आले. सगळं ऐकून ते तिथंच जिन्यावर बसले. "तरसेमला तसं जोडू दिलं ते मीच," ते म्हणाले. आजींना मात्र वेगळंच लागून राहिलं.

"माझ्या कुंकवानं घात केला असता ग, वीणा."

"तुमच्या कुंकवाचा काही दोष नाही, आई. हे पातं शाबूत असतं तर पीन कशीही लागली असती तरी तो सुखरूप होता."

दुसऱ्या दिवशी वीणाताईंनी शाळेला सुट्टी टाकली. माझ्या पेटीवरचा छाप वाचून त्या डेराबस्सीच्या त्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचल्या आणि माझं नवं पातं आणि जबडे घेऊन आल्या. तरसेमला बोलावून ते त्यांनी समोर उभं राहून बसवून घेतलं. मान खाली घालून त्यानं हिरवा तुकडा कापून काढला. तो त्यांनी फेकू दिला नाही. दर वर्षी नववीच्या वर्गात त्या तो तुकडा मुलांच्या हातात देतात आणि ही गोष्ट सांगतात. शेवटी माझ्या झाकणाला त्यांनी एक काचेची खिडकी बसवून घेतली, दोन्ही पाती बाहेरून दिसतील अशी.

तेव्हापासून आमचा रिवाज थोडा बदलला. गुरमेल हाक मारायचा, "भैणजी, दोनों?" आणि उत्तर लगेच यायचं नाही. वीणाताई हातातलं काम टाकून जिन्याखाली येत, काचेतून बघत आणि मगच ओरडत. तेवढा वेळ तो शिडीला हात लावून स्वस्थ उभा असे. दसऱ्याला आजी कुंकवाची वाटी घेऊन जनरेटरपुढं आल्या, की आधी विचारायच्या, "वीणा, वरची बाजू कुठली गं?"

दोन हजार सहा साली गुरमेल सिंग निवृत्त झाला. त्या दिवशी तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पिन्नींचा, म्हणजे तिकडच्या कणकेच्या लाडवांचा, डबा घेऊन गल्लीतल्या घराघरात निरोप घ्यायला आला. वीज होती, खांबावर चढायचंही नव्हतं. पण फाटकाशी आल्यावर सवयीनं त्याच्या तोंडून गेलंच, "भैणजी, दोनों?"

घरात आजी एकट्या होत्या. त्या उठल्या, काठी टेकत जिन्याखाली आल्या. दांड्याला अडकवलेली छत्री बाजूला केली, पदरानं माझी काच पुसली, चष्मा नाकावर सारला आणि वाकून माझी दोन्ही पाती नीट पाहिली. एक. दोन. बाहेर गुरमेल डबा हातात धरून मुकाट्यानं वाट बघत होता.

"दोनो!" आजी ओरडल्या. "मैंने खुद देखा, बाबा. आता ये आत."

मित्रांनो, जनरेटर पुढं विकला गेला, त्याच्या जागी आता इनव्हर्टर आहे. मी भिंतीवर छत्र्या सांभाळतो. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. घरातली कुठलीही वस्तू आवाज करते, फिरते, चकाकते म्हणून ती काम करतेच आहे असं धरून चालू नका. अधूनमधून वाकून, काच पुसून बघत जा. आणि कुणी बाहेर तुमच्या शब्दाची वाट बघत उभा असला, तर त्याला थोडं थांबू द्या. तो थांबेल. गुरमेल सिंग थांबायचा.